परीक्षेचा ताण आणि आपले घर

फेब्रुवारी जवळ आला की आपल्या वस्त्यांमधून आमच्याकडे येणाऱ्यांमध्ये दहावी-बारावीची मुले-मुली वाढतात. कुणाचे पोट दुखते, कुणाला सकाळी उलटी होते, कुणाचे डोके पंधरा-पंधरा दिवस ठणकते, कुणाची पाळी पुढे गेलेली असते. सोबत आलेली आई म्हणते, "सिस्टर, हिला काहीतरी टॉनिक सांगा. वाचलेलं ध्यानातच राहत नाही." तपासले तर ताप नसतो, पोटही मऊ असते. जरा बोलते केले की कळते, दुखणे परीक्षेचे आहे.

हे दुखणे खोटे नसते. मूल नाटक करत नाही आणि त्याला बाहेरचे काही लागलेलेही नसते. म्हणून देवऋषी नको आणि ओरडणेही नको. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे आपल्या कोल्हापूर विभागीय मंडळात येतात आणि दरवर्षी हजारो मुले या परीक्षांना बसतात. त्यातली बरीच मुले एका खोलीच्या घरातून परीक्षेला जातात. त्यांचा ताण कमी करायला पैसा फार लागत नाही. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काही गोष्टी ठरवून कराव्या लागतात. त्या कोणत्या, हे आपण या पानावर पाहू.

ताण आला की अंगात काय होते?

समोर साप दिसला की आपला मेंदू क्षणात धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात. त्यांच्यातून ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात येते. छाती धडधडू लागते, श्वास वाढतो, तळहाताला घाम सुटतो, हातापायांच्या स्नायूंकडे जादा रक्त जाते. पळून जाण्याची ही तयारी असते. तेवढा वेळ पचनाचे काम मागे पडते, म्हणून पोटात गोळा येतो, मळमळते, पुन्हा पुन्हा लघवीला जावेसे वाटते.

परीक्षेची भीती वाटली तरी हीच घंटा वाजते. थोडी वाजली तर चांगलेच असते. तिच्यामुळे मूल पुस्तक हातात घेते आणि लक्ष देऊन वाचते. पण साप दहा मिनिटांत निघून जातो, परीक्षा मात्र दोन महिने समोर उभी असते. एवढा काळ घंटा वाजत राहिली की कॉर्टिसॉल नावाचे दुसरे द्रव्य अंगात वाढलेले राहते. त्याने झोप मोडते, चिडचिड होते आणि पाठ केलेले ऐन वेळी आठवत नाही. ते डोक्यात असते, पण वर येत नाही. हे टॉनिकच्या बाटलीने जात नाही. झोप, अन्न, शांत जागा आणि धीराचा शब्द, यांनी जाते.

अठरा तास अभ्यास आणि सुभेदार रामजी

आपल्या घरांत अभ्यासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येते. "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे, तुला चार तास बसवत नाही?" जयंतीच्या सुमारास अनेक कॉलेजांत आणि विहारांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. तो चांगला आहे, पण ते एका दिवसाचे अभिवादन आहे. सोळा वर्षांच्या मुलाला दोन महिने रोज पाळायला दिलेले ते वेळापत्रक नव्हे.

बाबासाहेब स्वतः शाळकरी वयात कसा अभ्यास करत, हे धनंजय कीर यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. मुंबईत परळच्या चाळीत एकच खोली. स्वयंपाक तिथेच, झोपणे तिथेच, अभ्यास तिथेच. दोघांना नीट आडवे होता येईल एवढीही जागा नाही. तेव्हा सुभेदार रामजी भीमरावाला रात्री लवकर झोपायला लावत आणि स्वतः जागे राहत. रात्री दोन वाजता ते त्याला उठवत आणि त्याच्या जागेवर आपण आडवे होत. मुलगा मग घर आणि चाळ निवांत असताना अभ्यासाला बसे. पुस्तकांना पैसे कमी पडले की सुभेदार लेकींच्या दारी जाऊन उसनवार करत.

यातून पालकांनी काय घ्यायचे? त्या बापाने मुलाची झोप तोडली नाही, झोपेची वेळ बदलली. जागरण केले ते बापाने. मुलाला त्याने शांत वेळ दिली, जागा दिली आणि पुस्तक दिले.

आता मार्कांचेही बघू. भीमराव १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे शेकडा ३८ सुद्धा नाहीत. तेव्हाची मॅट्रिक कठीण होती हे खरे. पण आज एखाद्या मुलाला एवढेच मार्क पडले तर आपण त्याचा फ्लेक्स लावणार नाही, उलट त्याला तोंड लपवायला लावू. त्या वेळी मात्र वस्तीने त्यांचा सत्कार केला. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. सहा वर्षांनी, १९१३ साली, तोच मुलगा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होता. एका परीक्षेचे मार्क आयुष्याचा निकाल लावत नाहीत, याला याहून मोठा दाखला आपल्याला कुठे शोधायचा?

भगवान बुद्धांनी सोण नावाच्या भिक्खूला सांगितलेली वीणेची उपमा आपल्यापैकी अनेकांनी धम्मप्रवचनात ऐकली असेल. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. परीक्षेच्या दिवसांत घराने हेच ध्यानात ठेवायचे.

झोप: रोज सात तास तरी

या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. परीक्षेच्या काळातही सातच्या खाली जाऊ देऊ नका. दिवसभर वाचलेले मेंदू झोपेत पक्के करतो. रात्रभर जागून वाचणारे मूल एका हाताने भरते आणि दुसऱ्या हाताने सांडते.

मूल पहाटे उठणारे असेल तर त्याला रात्री साडेनऊला झोपू द्या. तेव्हा घरातला टीव्ही बंद. मोबाईल दुसऱ्याच्या उशाला. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको, कारण तिचा अंमल पाच-सहा तास टिकतो. डास असतील तर मच्छरदाणी लावा. झोप यावी म्हणून मेडिकलमधून कसलीही गोळी आणू नका. काही मुलगे 'टेन्शन' म्हणून याच दिवसांत माव्याची पुडी तोंडात धरायला शिकतात. त्याने पहिले काही क्षण तरतरी वाटते, मग धडधड वाढते आणि सवय मात्र जन्मभर राहते. कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याला वस्तीनेच सांगून ठेवावे, आमच्या पोरांना मावा द्यायचा नाही.

जागा आणि आवाज: एकट्या घराचे काम नव्हे

पत्र्याच्या खोलीत सहा माणसे, त्यात आजी खोकते, धाकटा रडतो, बाबा फौंड्रीतून रात्रपाळी करून आलेले. मूल बसणार कुठे? हा दोष त्या मुलाचाही नाही आणि आई-बापाचाही नाही. पण उपाय करता येतो.

अभ्यासाला डोक्याइतकीच जागाही लागते, हे आपल्या कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी शाहू महाराजांनी ओळखले होते. १९०१ साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. प्रत्येक वस्तीला आज वसतिगृह बांधता येणार नाही, पण बहुतेक वस्त्यांत विहार आहे. दहावी-बारावीचे पेपर संपेपर्यंत संध्याकाळी सहा ते दहा आणि पहाटे चार ते सात विहार अभ्यासिका म्हणून उघडा ठेवा. दोन चांगले दिवे, एक पंखा, पिण्याचे पाणी आणि सतरंज्या एवढे पुरे. मुलींसाठी वेगळी बाजू ठेवा आणि तिथे एका जाणत्या बाईने बसावे. महिला मंडळाने पाळ्या लावल्या तर कुणा एकीवर भार पडत नाही.

आवाजाचेही ठरवून घ्या. याच दिवसांत लग्ने असतात आणि भीमजयंतीची तयारीही सुरू होते. सणांसाठी सरकारने सवलत दिलेले थोडे दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर वाजवायला बंदी आहे. पण पोलिसांचा ११२ नंबर लावण्याआधी मंडळाच्या पोरांशी बोला. "शेवटचा पेपर होईपर्यंत साउंड बंद" एवढा एक ठराव मंडळाने केला, तर ती जयंतीची खरी तयारी झाली असे आम्ही म्हणू.

पोटात काय घालायचे

उपाशी मेंदू चालत नाही. परीक्षेसाठी महागडी पावडर आणायची गरज नाही. भाकरी, आमटी, भात, पालेभाजी, उकडलेले अंडे, मोड आलेली मटकी, शेंगदाणे-गूळ, केळे, ताक, हे पुरे. पेपरच्या दिवशी सकाळी तर्रीची मिसळ किंवा भजी नको. पोट आधीच बिथरलेले असते. पोहे, उपीट, चपाती-भाजी किंवा भात-आमटी असे हलके जेवून जावे. भूक नसेल तर निदान एक केळे आणि थोडे शेंगदाणे खावेत.

जेवणाबरोबर चहा घेऊ नका. त्याने अन्नातले लोह अंगाला कमी लागते. मुलगी लवकर दमते, धाप लागते, चक्कर येते, डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसते, तर रक्त कमी असू शकते. जवळच्या सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पिशवीत टाकून देऊ नका, जेवून घ्या.

पाण्याबद्दल बोलायला मुली लाजतात, म्हणून आम्हीच बोलतो. सार्वजनिक संडासला रांग असते, रात्री तिथे जायची भीती वाटते, म्हणून अनेक मुली पाणीच पीत नाहीत. मग डोके दुखते, लघवीला जळजळ होते आणि अभ्यासात लक्ष लागत नाही. घरातल्या मोठ्या बाईने रात्री सोबत जावे. सकाळच्या रांगेत परीक्षेच्या मुलांना पुढे सोडावे. एवढे वस्तीने पाळले तरी कितीतरी मुलांची सकाळ सोपी होईल.

लेकीचा ताण वेगळा

मुलगा परीक्षेला असला की त्याला ताट जागेवर मिळते. मुलगी परीक्षेला असली तरी नळाचे पाणी तिनेच भरायचे, भांडी तिनेच घासायची आणि धाकट्याला तिनेच सांभाळायचे. आई पहाटेच दुसऱ्यांची धुणीभांडी करायला गेलेली असते, तिलाही बोल लावता येत नाही. म्हणून बाबांनी आणि भावाने हे दोन महिने पाणी आणि भांडी आपल्याकडे घ्यावीत. भाऊ मोठा असेल तर विशेष.

आणखी एक. "पास झालीस तर शीक, नाहीतर उजवून टाकतो" असे लेकीला गमतीनेही म्हणू नका. तिच्यासाठी ती गंमत नसते. तिला पेपरमध्ये प्रश्न दिसत नाहीत, मांडव दिसतो. अठराच्या आत मुलीचे लग्न करणे गुन्हा आहे. कुणी असा घाट घातला तर मुलीने किंवा शेजाऱ्याने १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर कळवावे.

बोलताना जपा

"आम्ही तुझ्यासाठी रक्ताचं पाणी केलं." "समाजात मान खाली घालायला लावू नकोस." "मामाच्या पोराला बघ, नव्वद टक्के." ही वाक्ये प्रेमातूनच येतात, पण मुलाच्या छातीवर दगडासारखी बसतात. त्यापेक्षा विचारा, "जेवलास काय?" "आज कुठला धडा झाला?" "जमेल तेवढं कर, आम्ही आहोत."

वर्गातही काही मुलांना टोमणे ऐकावे लागतात. "तुम्हाला काय, सवलतीत पास करतात." मुलांनो, याचे उत्तर पाठ ठेवा. दहावीच्या बोर्डात पास व्हायला शंभरपैकी ३५ लागतात आणि ते सगळ्या जातीच्या मुलांना सारखेच लागतात. पेपर तोच आणि तपासणीही तीच. तुमचा प्रत्येक मार्क तुम्ही कमावलेला आहे. टोमणा वारंवार येत असेल तर गप्प सोसू नका, घरी सांगा आणि घरच्यांनी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलावे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी

१. चाळीस-पंचेचाळीस मिनिटे अभ्यास, मग दहा मिनिटे उठून चाला. त्या दहा मिनिटांत मोबाईल नको.

२. तोच धडा पाच वेळा वाचण्यापेक्षा एकदा वाचा, पुस्तक मिटा आणि आठवून सांगा. आईला किंवा आजीला सांगा. तिला लिहिता-वाचता येत नसले तरी चालते. तिला समजेल असे सांगता आले म्हणजे तो धडा तुमचा झाला. आयांनो, भाजी निवडताना एवढे ऐकाच. शिकवणीचे पैसे नसले तरी ही मदत तुम्ही करू शकता.

३. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. सवय झाली की भीती कमी होते.

४. रोज पाच मिनिटे आनापान करा. ताठ बसा, डोळे मिटा, येणारा-जाणारा श्वास नाकपुडीशी नुसता बघा. भीती फार दाटली तर श्वास चार आकडे मोजत आत घ्या आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडा. श्वास लांब सोडला की छातीची धडधड उतरते. ही शरीराचीच सोय आहे, तिला पैसे पडत नाहीत.

५. परीक्षेचे केंद्र आदल्या दिवशी बघून या. केएमटीने जायचे असेल तर एक गाडी आधीची धरा. हॉल तिकीट, दोन पेन, पाण्याची बाटली रात्रीच पिशवीत ठेवा. मुलींनी पॅडही ठेवावे.

६. पेपर हातात आल्यावर डोके रिकामे झाले असे वाटले तर घाबरू नका. पेन खाली ठेवा, दोन्ही पाय जमिनीला टेकवा, पाच लांब श्वास सोडा. मग सगळ्यात सोपा प्रश्न आधी लिहा. एक उत्तर लिहिता लिहिता दुसरे आठवू लागते.

७. पेपर झाला की फाटकाशी उभे राहून उत्तरे जुळवत बसू नका. घरी जा, जेवा, तासभर झोपा. पुढचा पेपर वाट बघतोय.

नापास झाले तर?

हे आधीच घरात बोलून ठेवा, निकालाच्या दिवशी नको. दहावीला एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटी घेऊन अकरावीला प्रवेश मिळू शकतो. राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी पावसाळ्यात होते. मार्कांबद्दल शंका असेल तर ठरावीक मुदतीत फी भरून गुणपडताळणी करता येते आणि उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. आयटीआयचे काही कोर्स दहावी नापास मुलांनाही खुले असतात. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. रस्ते इतके आहेत. मुलाला ते आधीपासून माहीत असले की परीक्षा ही शेवटची गाडी वाटत नाही.

ही चिन्हे दिसली तर थांबू नका

साधा ताण पेपर संपला की उतरतो. पण पुढील गोष्टी दोन आठवडे टिकल्या तर तो ताणापलीकडचा आजार असू शकतो: सतत उदास, कुणाशी बोलणे नाही, जेवण-झोप तुटलेली, आवडीच्या गोष्टीतही मन नाही, हाता-पायाला स्वतःच इजा करून घेणे. "मी नसलेलाच बरा", "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असे बोलणे किंवा आपल्या आवडीच्या वस्तू वाटून टाकणे दिसले, तर दोन आठवडे थांबायचे नाही, त्याच दिवशी हालचाल करायची.

अशा वेळी जवळ बसून सरळ विचारा, "बाळा, जीव द्यावा असं मनात येतंय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी ओळखले म्हणून मूल मोकळे होते. त्याला रागवू नका, एकटे सोडू नका. घरातली औषधे आणि विषारी वस्तू कुलपात ठेवा. १४४१६ हा टेलिमानस सेवेचा नंबर आहे. तो केव्हाही लावता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. किशोरवयीन मुला-मुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिकही चालतात. तातडीची वेळ आली तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

पोलीस केस होईल या भीतीने काही घरे असा प्रसंग लपवतात आणि उपचाराला उशीर होतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे धरले जाते आणि तिच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही. तिला उपचार मिळवून देणे ही सरकारची जबाबदारी आहे. म्हणून लपवू नका, आधी दवाखाना गाठा.

येत्या रविवारी वंदना झाली की विहारात पंधरा मिनिटे जास्त बसा. वस्तीत यंदा दहावी-बारावीला कोण कोण आहे त्यांची नावे एका कागदावर लिहा. विहाराची किल्ली कुणाकडे, पहाटे दार कोण उघडणार, साउंडवाल्या पोरांशी कोण बोलणार, निकालाच्या दिवशी कुणाच्या घरी कोण जाऊन बसणार, हे तिथेच ठरवा. त्या दिवशी ज्यांना कमी मार्क पडतील त्यांच्या घरी आधी जा. पेढे नंतरही खाता येतील.

जय भीम.